पोर्शन राहू दे, आधी वाचायला बसव

कॉलेजातली मुलं गावच्या प्राथमिक शाळेत शिकवायला जातात, यावर मागच्या अंकात मी जाता जाता चार ओळी लिहिल्या आणि या महिन्यात बहुतेक टपाल त्याच विषयावर आलं. सगळी पत्रं छापणं शक्य नाही. एकाच मुद्द्याची पत्रं एकत्र केली आहेत, आणि नाव देऊ नका असं बहुतेकांनी लिहिलं असल्यामुळे फक्त गावं दिली आहेत. माझी सगळी नोकरी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांत गेली, तेव्हा उत्तरं खडूच्या बाजूने येणार हे धरून चाला. मोठ्या तज्ज्ञांचं मत वेगळं असेल. असो.

बाई, मी साखळीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चौघी मैत्रिणी बुधवारी आणि शनिवारी सत्तरीतल्या एका सरकारी शाळेत शिकवायला जातो. माझ्याकडे चौथीची अकरा मुलं आहेत. पहिल्या दिवशी पाठ वाचायला सांगितला तर सगळ्यांनी घडाघडा वाचला. मग बघते तर एकाचं बोट भलत्याच ओळीवर, आणि तोंडाने पाठ मात्र बरोबर चाललेला! चौघांना साधं ‘कपाट’ वाचता येत नाही. सरांनी गणिताचा पोर्शन पुरा करायला सांगितलाय. काय करू? (साखळी)

बोट कुठे आहे हे तू पाहिलंस, तिथेच अर्धं काम झालं. अशी मुलं प्रत्येक शाळेत असतात. ती मठ्ठ नसतात, उलट कान फार तयार असतात त्यांचे. वर्गात चारदा ऐकलेला पाठ पूर्णविरामासकट म्हणून दाखवतात आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असतो. पाठ मधूनच सुरू कर. ओळीवर पट्टी ठेव आणि एकच शब्द उघडा ठेव, म्हणजे कळेल.

आता पोर्शन. सरांना वाईट वाटू न देता सांग की गणिताची उदाहरणंसुद्धा वाचावी लागतात. ‘रमाकडे ४५ आंबे होते, त्यांतले १७ विकले’ हे वाक्य ज्याला वाचता येत नाही, तो मुलगा वजाबाकी चुकत नाही, तो वजाबाकीपर्यंत पोचतच नाही. सर ऐकतील. नाहीच ऐकलं, तर अर्धा तास त्यांचं गणित आणि उरलेला वेळ तुझं वाचन, असा सौदा कर.

पहिले दोन दिवस शिकवूच नकोस. एकेकाला ओट्यावर बोलावून पाच मिनिटं बसव. चार कागद तयार कर: एकावर दहा सुटी अक्षरं, दुसऱ्यावर दोन-तीन अक्षरांचे साधे शब्द, तिसऱ्यावर पहिलीच्या पातळीची चार वाक्यं, चौथ्यावर दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून देशभरातल्या खेड्यांत ‘असर’ नावाची पाहणी करते, त्यात घरोघरी मुलांना साधारण असंच तपासतात. कागद मात्र तू स्वतःच लिही, पाठ्यपुस्तकातलं काही उतरवू नकोस, नाहीतर पुन्हा पाठांतरच ऐकत बसशील. कोण कुठे अडलं ते वहीत लिहून ठेव. आणि मुलाच्या देखत तोंड पाडू नकोस. मुलं आपलं तोंड फार लवकर वाचतात, पुस्तकाच्या कितीतरी आधी.

मग गट कर, इयत्तेचे नव्हे, पातळीचे. चौथीची अक्षरांवर अडलेली दोघं, तिसरीची तिघं, दुसरीचा एखादा, सगळे एका चटईवर. चौथीतल्याला दुसरीच्या पोराशेजारी बसायला लाज वाटते, हे खरं आहे. त्याला पाट्या वाटायचं किंवा कार्ड धरायचं काम दे, लाज जाते. तुम्ही चौघी आहात, म्हणजे एकीकडे पाच-सहापेक्षा जास्त मुलं येऊ देऊ नका. अकरा मुलांसमोर फळ्यावर लिहून शिकवणं तर तिथले गुरुजी करतातच. तुमची गरज आहे ती एका मुलाचं बोट पाहण्यासाठी.

अक्षरांवर अडलेल्यांना ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत नेऊ नकोस. ती गाडी पूर्वीही दोनदा सुटलेली असते. म, ग, र, न, क एवढी पाच घे. त्यांतून मगर, गरम, नगर, नकर असे शब्द जुळवायला लाव. ‘नकर’ला अर्थ नाही म्हणून हसतील, हसू दे. अर्थ नाही हे कळलं म्हणजे मूल वाचायला लागलं. मग काना: काका, मामा, नाक, राग. एकेक मात्रा पक्की झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. जोडाक्षरांची घाई नको, आणि ‘र’च्या जोडाक्षरांची तर मुळीच नको. प्रकाश, सूर्य, ट्रक आणि सुऱ्या यांतला एकच र चार वेगवेगळ्या जागी बसतो. तो एका दिवसात शिकवला तर मुलं चारही ठिकाणी अडखळतात.

तुझ्या त्या शाळेत होंडा-पिसुर्ले औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांची मुलं असणार. त्यांच्याकडे वेगळं लक्ष दे. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलाला ‘ळ’ ऐकूच येत नाही, तो वाळपईला ‘वालपई’ म्हणतो आणि लिहितोही तसंच. ते लेखनातलं दुर्लक्ष नव्हे, त्याच्या कानात तो आवाज अजून आलेला नाही. बेळगाव-गदगकडच्या मुलाला ‘ळ’ सहज जमतो, कारण त्याच्या कानडीत तो आहे. दोघांची चूक सारखी दिसली तरी उपाय सारखा नसतो.

वाचायला काय द्यायचं? कदंबच्या, म्हणजे आपल्या सरकारी बसच्या पाट्या. साखळी, डिचोली, म्हापसा, पणजी. ज्या मुलाला पुस्तकाचा कंटाळा आहे त्याला पाटीचा कंटाळा नसतो, कारण पाटी चुकली तर बस चुकते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात माटोळीला, गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या चौकटीला, काय काय बांधणार याची यादी मुलांकडूनच करून घे: आंबाडे, कवंडळ, मावळिंग, चिबूड, सुपारीचा कातरा. रानातलं फळ ओळखण्यात ती तुझ्यापेक्षा हुशार निघतील. तू विचारायचं, त्यांनी सांगायचं, तू लिहायचं, त्यांनी वाचायचं. परराज्यातल्या मुलालाही बसव यादीला, त्याच्या गावी सणाला काय बांधतात ते त्यालाही सांगायचं असतं.

शेवटचं एक. शिगम्याच्या आठवड्यात वर्ग निम्मा रिकामा असेल. काजूच्या दिवसांत काही मुलं सकाळी बिया गोळा करून झोपाळलेली येतील, आणि कामगारांची काही मुलं गावी जाऊन महिन्याने उगवतील. त्यांना ‘कुठे होतास?’ असं फैलावर घेऊ नकोस. वही काढ आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे चाल. म्हणूनच ती वही.

एनएसएसचे १२० तास भरायचे आहेत. शाळेत शिकवलेले तास धरतात का? आणि प्रमाणपत्र शाळा देते की कॉलेज? (केपे)

धरतात. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ला, गांधी शताब्दीच्या वर्षी सुरू झाली, आणि साक्षरतेचं काम तिच्यात बसतं. वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. त्या १२० मधले साधारण ७० तास प्रत्यक्ष समाजातल्या कामाचे असतात. बाकीचे ओळखवर्ग आणि कॉलेजच्या आवारातलं काम. प्रमाणपत्र कॉलेज आणि विद्यापीठामार्फत मिळतं, शाळेने फक्त हजेरीवर सही करायची. शाळेत पाय ठेवण्याआधी तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्याची लेखी मान्यता घ्या, नाहीतर मार्चमध्ये सह्यांसाठी पळापळ होते.

पण ७० तासांचा हिशेब जरा करून बघ. एका वेळी दोन तास धरले तर पस्तीस फेऱ्या. आठवड्याला एक फेरी केलीस तर परीक्षा, चवथ आणि दिवाळी वगळून जवळजवळ पूर्ण वर्ष होतं. म्हणजे एक शाळा, एक गट, एक वर्ष. याउलट दिवाळीच्या सुट्टीत रोज सहा तास बसून बारा दिवसांत ७० तास उरकणारेही मी पाहिलेत. कागदावर दोघांचे तास सारखेच. आणि सुट्टीत शाळेत मुलं कुठली असतात, हा प्रश्न तेवढा कुणी विचारला नाही.

बाई, पेडणे तालुक्यात मी मुख्याध्यापक आहे. आमची चार इयत्तांची शाळा, शिक्षक दोन. दर वर्षी ऑगस्टमध्ये कुठल्या ना कुठल्या कॉलेजची मुलं बॅनर घेऊन येतात, पेन्सिली वाटतात, मुलांना रांगेत उभं करून फोटो काढतात आणि परत दिसत नाहीत. नाही म्हटलं तर आपण शिष्ट ठरतो. काय करावं? (पेडणे)

नाही म्हणा, सर. शिष्ट ठरलात तर ठरलात.

पेन्सिली बिचाऱ्या कामाला येतात, त्यांच्यावर राग नाही. पण तिसरीतलं पोर कॅमेऱ्याकडे बघून हसायला शिकतं आणि ‘टीचर परत कधी येतली?’ म्हणून पुढच्या आठवड्यात तुम्हाला विचारतं, तेव्हा उत्तर तुम्हाला द्यावं लागतं, बॅनरवाल्यांना नाही.

नुसतं नाही म्हणण्यापेक्षा अटी घाला. जून-जुलैतच जवळच्या कॉलेजला पत्र पाठवा की आम्हाला दोनच विद्यार्थी हवेत, पण तेच दोघे मार्चपर्यंत, ठरलेल्या वारी. भागशिक्षणाधिकाऱ्यांना त्याची प्रत द्या. केंद्र सरकारचं ‘विद्यांजली’ हे पोर्टल सप्टेंबर २०२१पासून नव्या रूपात चालू आहे, त्यावर शाळेला आपली गरज नोंदवता येते आणि स्वयंसेवकाला आपलं नाव. तिथून माणूस आला तर निदान कागद तरी असतो. पहिले दोन दिवस त्या मुलांना तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसवा. फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नाही, आणि एखादा काढलाच तर मुलांची तोंडं ओळखू येणार नाहीत असा. गोव्यात २००३ पासून मुलांसाठी स्वतंत्र कायदा आहे, गोवा बाल कायदा. आलेल्या प्रत्येकाला तो निदान ऐकून माहीत असावा.

आता तुमच्या बाजूचंही बोलते. शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवले. पण दोघांनी चार इयत्ता हाकणं म्हणजे काय असतं ते कायदा लिहिणाऱ्यांनी एक सकाळ येऊन बघावं. म्हणून कॉलेजची मुलगी आली की तिला वर्ग देऊन आपण ऑफिसात बसायचा मोह होतो. एक शिक्षक तर मला अभिमानाने सांगत होते की संगणकावर माहिती भरायला बरी पोरगी सापडली! सर, ते करू नका. वर्ग तुमचाच, ती फक्त चटईवरच्या पाच जणांची. माहिती भरणं आणि मध्यान्ह आहाराची पावभाजी मोजून घेणं हे तिचं काम नाही. आणि तिच्यासमोर मुलांना ओरडू नका, कारण दुसऱ्या दिवशी ती मुलं तिच्यासमोर तोंड उघडत नाहीत.

मी वास्कोच्या एका मराठी शाळेत दुसरीला गणित शिकवायला जातो. बहुतेक मुलांच्या घरी कानडी. बेरीज चांगली करतात, पण मी ‘पंचवीस’ म्हटलं की ५२ लिहितात. ‘एकोणतीस’ म्हटलं की काहीच लिहीत नाहीत. ही मुलं गणितात कच्ची आहेत का? (वास्को)

अजिबात नाहीत. आपली मराठी त्यांच्याशी जरा वाकडी चालते, एवढंच.

कानडीत पंचवीसला म्हणतात इप्पत्तैदु, वीस आणि पाच. आधी वीस, मग पाच, लिहितो त्याच क्रमाने. आपण पाच आधी बोलतो आणि वीस मागून. मुलाने ‘पंच’ ऐकलं, पाच लिहिला. मग ‘वीस’ ऐकलं, दोन लिहिला. ऐकलं तसं प्रामाणिकपणे लिहिलं की बावन्न होतं. एकोणतीसची तऱ्हा आणखी न्यारी. कानडीत तो इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ. मराठीत तिसाला एक कमी. दोन आणि नऊ या दोन आकड्यांपैकी एकाचाही उच्चार त्या शब्दात नाही. काय लिहील बिचारं? आणि एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हाच नियम पाळून शेवटी नव्व्याण्णवला आपण तोही मोडतो.

ही अडचण मराठी घरातल्या मुलांनाही येते, फक्त त्यांचे आकडे पाच वर्षांची असतानाच पाठ झालेले असतात म्हणून दिसत नाही. २०१९मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मराठी बुडाली म्हणून लेख आले. मला तर त्यात वर्गातल्या एका खऱ्या दुखण्यावर घरगुती औषध दिसलं. तूही दे. सुरुवातीचे काही आठवडे तू ‘वीस आणि पाच, पंचवीस’ असं दोन्ही एका श्वासात म्हण. मुलांनी लिहून झाल्यावर मोठ्याने तेच म्हणायचं. हळूहळू पहिला तुकडा गळून पडतो.

हातात काहीतरी द्यायलाच हवं. माडाच्या झावळीचे हीर घे, बोटाएवढे तुकडे कर, दहादहांच्या जुड्या रबराने बांध. पंचवीस म्हटलं की दोन जुड्या आणि पाच सुटे हीर पुढे ठेवायचे, मग लिहायचं. एकोणतीससाठी तीन जुड्या मांड आणि एक हीर मुलालाच काढायला लाव. काढायला त्याला एक जुडी सोडावीच लागते. दोन जुड्या राहिल्या, सुटे नऊ राहिले. ‘एकोण’ म्हणजे काय ते हाताने कळतं. पुढे वजाबाकीत दशक सुटा करताना हीच जुडी सोडायची आठवण त्याला होते, तेव्हा तुला वेगळं काही सांगावं लागत नाही. वर्गात तयार प्लॅस्टिकचे मणी असतील तरी हीरच घे. मण्यांची पेटी कपाटात कुलूपबंद असते आणि किल्ली रजेवर असलेल्या शिक्षकाकडे.

शक्य असेल तर एक दिवस त्यांनाच कानडी आकडे फळ्यावर लिहून तुला शिकवायला सांग. तू अडखळलास की त्यांना जो आनंद होईल, त्या भांडवलावर पुढचा महिना चालतो.

आमच्या कॉलेजात मी हा उपक्रम चालवतो. सहकारी विचारतात, अशा अर्धवट शिकलेल्या मुलांनी शिकवून फरक पडतो याला पुरावा काय? तुमचा अनुभव काहीही असो, अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. (मडगाव)

बरोबर बोलतात तुमचे सहकारी. पुरावा आहे, आणि तो दोन्ही बाजूंचा आहे.

मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ने बालसखी नावाचा उपक्रम चालवला. वस्तीतल्याच, शालान्त झालेल्या मुली. त्यांना साधारण दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि थोडंसं मानधन. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं घेऊन त्या शाळेच्या वेळातच रोज दोन तास बसायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात चिठ्ठ्या टाकून शाळांचे गट पाडले आणि बालसखी मिळालेल्या व न मिळालेल्या वर्गांतल्या मुलांची तुलना केली. निष्कर्ष २००७मध्ये प्रसिद्ध झाले. बॅनर्जी आणि डफ्लो यांना पुढे २०१९मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बालसखीकडे गेलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. गंमत म्हणजे ती मुलं बाहेर गेल्यामुळे वर्गात जी उरली, त्यांना मोकळ्या वर्गाचा काही फायदा झाला नाही. म्हणजे वर्ग लहान करणं पुरेसं नाही, मुलाला त्याच्या पातळीवरून कुणी हात धरून नेणं हे खरं कारण.

आता दुसरी बाजू. उपक्रम संपून वर्ष झाल्यावर तपासलं तेव्हा ती वाढ बरीच ओसरली होती, थोडीच टिकली. हेही सहकाऱ्यांना सांगा. आणि आणखी एक: बालसखी रोज जात होती. तुमची मुलं आठवड्याला एकदा जाणार असतील तर तिच्याइतक्या फळाची अपेक्षा धरू नका. माझं विचाराल तर दहा शाळांत वीस विद्यार्थी पाठवण्यापेक्षा तेच वीस विद्यार्थी दोन शाळांत वारी वाटून पाठवा. एका शाळेत आठवड्याचे पाचही दिवस कुणीतरी चटईवर बसलेलं असेल. वार्षिक अहवालात दहा शाळा जास्त छान दिसतात, ते मला माहीत आहे.

मी म्हापशाची. शाळेतले सर म्हणतात, मुलांशी फक्त प्रमाण मराठीतच बोला. मुलं तर कोकणी आणि हिंदीच बोलतात. मराठीत समजावलं की ‘म्हाका कळूंक ना’ म्हणतात. (म्हापसा)

वाचायचं आणि लिहायचं मराठीत, कारण पुस्तक मराठी आणि परीक्षा मराठी. समजवायचं त्यांना समजेल त्यात. ‘म्हाका कळूंक ना’ असं मूल बोलून दाखवतंय हे तुझं भाग्य, बहुतेक मुलं मान डोलावून गप्प बसतात. तुला कोकणी येते ना? मग लपवतेस कशाला? सुरुवातीला गोष्ट कोकणीत सांग, तीच मराठीत वाच. महिन्याभरात मुलं मराठीत बोलायला लागतील, आणि सरांना ऐकायला तेच हवं आहे.

कोकणीला राजभाषा करणारा १९८७चा कायदा आणि शाळेच्या माध्यमाचा वाद यांत आपल्या गोव्याची दोन पिढ्यांची झोप गेली. मला त्यात पुष्कळ बोलता येतं आणि बोललेही आहे. पण तो वाद तिसरीच्या चटईवर आणायचा नाही. तो मोठ्यांनी मोठ्यांशी घालावा.

आमच्या गटातला एक मुलगा दर शनिवारी अंगावर वळ घेऊन येतो. काल म्हणाला, ‘कुणाला सांगू नका टीचर.’ मी ‘नाही सांगणार’ म्हटलं. आता झोप लागत नाही. (वाळपई)

तो शब्द मोडावा लागेल. सोमवारी मुख्याध्यापकांना आणि तुझ्या कॉलेजच्या अधिकाऱ्याला सांग. तोंडी नव्हे, चार ओळी तारखेसह लिहून दे. त्याने काय सांगितलं तेवढंच लिही, तुला काय वाटतं ते नको. त्याच्या घरी एकटी जाऊ नकोस आणि त्याला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नकोस. दोन दिवसांत कुणी हललं नाही तर १०९८वर फोन कर. मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, मोफत, चोवीस तास. मारहाणीपलीकडचं काही कानावर आलं तर मग वाटच बघायची नाही. २०१२च्या पोक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, तुझ्यावरही. मुलाला पुढच्या वेळी सरळ सांग: मी सांगितलं, कारण तुला लागू नये. त्याला राग येईल. येऊ दे.

माझी मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दर शनिवारी माझी स्कूटर घेऊन धारबांदोड्याच्या शाळेत फुकट शिकवायला जाते. तेवढ्याच वेळात शिकवण्या घेतल्या तर हातखर्च निघेल. तिला समजावून सांगा. (फोंडा)

शिकवण्या घ्यायला तिला कुणाची आडकाठी नाही. खाजगी शिकवणीची बंदी शिक्षण हक्क कायद्याच्या २८व्या कलमाने शिक्षकांवर आहे, विद्यार्थ्यांवर नाही. फक्त ज्या शाळेत ती शिकवते तिथल्याच मुलांच्या शिकवण्या घेऊ नयेत, उगाच बोलणी बसतात. आठवड्याचे बाकीचे दिवस मोकळे आहेत, त्यांतले दोन शिकवण्यांना द्यावेत आणि शनिवार तसाच ठेवावा. परीक्षेच्या महिन्यात तिने शाळेला आधी कळवून सुट्टी घ्यावी, आणि गटाला दुसरं कुणी मिळेल का तेही बघावं.

तुमच्या पत्राखाली तिनेही दोन ओळी लिहून पाठवल्या आहेत, ते तुम्हाला ठाऊक आहे की नाही कोण जाणे. शनिवारचं पेट्रोल बाबांनी भरावं, एवढंच तिचं मागणं आहे. मला ते रास्त वाटतं.